शिवणीवर चालणारी कात्री

मी या कामन गावचीच, जन्म इथला नि लग्नबी इथलंच. भातशेती होती तवा आमची आय गोधड्या शिवायची, तान्ह्या पोराला पयलं कापड आजीच्या जुन्या लुगड्याचंच, नवं टोचतं म्हनायची, तर काय सांगू तुम्हाला, टाका कसा उसवायचा नि फडकं कसं वाचवायचं ते माझ्या हाताला लहानपनापासून ठाव. मग शेतावर गोडाऊन झालं, नि त्याच गोडाऊनात मी कापायला लागले.

काय कापायचं? नवे कपडे. लोक मोबाईलवर मागवतात, घालून बघतात, परत धाडतात, ते पुन्हा विकायला परवडत नाय म्हने. वास नवा, चिठ्ठी लटकलेली, नि आमी बारा बाया दिवसभर त्याला कात्री मारनार, कोनी घालू नये म्हनून. सुपरवायझरला मी म्हनलं, अरे दादा, गरिबाला वाटून टाका की, तर हसला, म्हनला मावशी, फुकट मिळालं तर विकत कोन घेईल?

कापायचं छातीवरून, आडवं. पन माझा हात शिवनीवर जायचा, सवयच ती, शिवनीवरून कापलं की कापड जितं राहतं. चिंध्या घरी न्यायला मुभा होती, पन फकस्त पुसायला. मी नेल्या, नि नातीला पिवळा फ्रॉक जोडला. आईवेगळी पोर ती, सहा वर्षांची, माझ्याकडंच असते. आरशापुढून हलेना.

नि मी मूर्ख बाई, डबा विसरले तर तिलाच आनायला सांगितला. ती तोच फ्रॉक घालून गेटवर आली, घालनारच ना, तिला काय ठाव. सुपरवायझरनं ओळखला, सगळ्यांना बोलावलं. म्हनला ही चोरी आहे मावशी, तुमच्याच हातानं कापा, नाय तर उद्यापासून बाराही जनी घरी बसा. बाया नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. पोर म्हनत होती, आजी, घरी जाऊन काढते ना. मी कापला. अंगावरच, छातीवरून, आडवा, त्यानं शिकवलं तसा. कात्री थंड लागली तशी ती शहारली, नि माझा हात जराबी थरथरला नाय, तेच मना अजून खुपतं. पोर पदरात गुंडाळून घरी नेली.

आता मुंबईच्या दोन बाया येतात, चिंध्यांचे कपडे माझ्याकडून शिवून घेतात, कचरा वाचवतात, चांगल्या हायेत, माझ्या जोडकामाला नावाजतात. तोच सुपरवायझर पाव्हन्यांना सांगतो, आमच्या मावशीची शिवन बघा. माझे फ्रॉक दुकानात काचेआड लागतात, शेजारी माझा फोटो, हसते मी त्यात, हसा म्हनले म्हनून.

परवा त्या मुंबईच्या बायांनी नातीसाठी एक पिवळा फ्रॉक दिला, प्रेमानं. लेकरानं हात नाय लावला. सुखी राहो बिचारी, मोठी होवो, आनखी काय मागू. पन संध्याकाळी मी कात्री घेऊन बसले की ती आधी आपल्या छातीवरचं कापड दोन्ही हातांनी घट्ट धरते, नि मग विचारते, आजी, आज कोनाचं कापतेस?