मौला पिंजारी काहून गेला

व्हय फौजदार साहेब, त्यानंच मारलं. मौला पिंजाऱ्यानं. माझ्या डोळ्यांदेखत, ह्याच ओट्यावर, आमच्या मालकाच्या छातीत गोळी घातली — तिसऱ्यांदा सांगून राहिले तुमाला. तुमी लिव्हून घेतलं, बराबर. आता अंगठा द्या म्हनता. देते की. पन त्याच्या आधीचं लिव्हलं का? न्हाई लिव्हलं. काहून? रझाकार काय आभाळातून पडले? हा तर आमच्या गल्लीतला मानूस. आमच्या लग्नातल्या गाद्या त्याच्या बापानं भरल्या.

तुमी बसा, मीच उठते — मला आताशा एका जागी बसवत न्हाई. तर चार सालाखाली माझ्या लेकीचं, द्वारकाचं लग्न होतं. बारा गाद्या भरायच्या. मौला वेठीवर — म्हंजे फुकट, देशमुखाच्या घरचं काम फुकटच करायचं, तसा रिवाजच होता. त्याची पोरगी तापानं फणफणलेली, सा वर्षांची. तो दारात उभा राहिला, म्हनला, औंढ्याच्या हकिमाला दाखवून आणतो, उद्या येतो. मालक म्हनले — न्हाई, मालक शिरडला गेलते त्या दिवशी. मंग कोन म्हनलं? कोनीतरी म्हनलं, जाऊ द्या. आधी गाद्या, मंग हकीम. दिवस मावळेपर्यंत तो कापूस पिंजत बसला. घरी गेला तर पोरगी गेलेली.

दुसऱ्या दिवशी कामावर आला न्हाई, तर मालकानं त्याला ओढून आणला, चावडीसमोर झाडाला बांधून मारला. अख्खं गाव पाहून राहिलं. मीबी. मंग ते रझाकार आले, त्याच्या हाती बंदूक दिली. तोवर त्याला कोनी हात जोडले नव्हते, साहेब — त्या दिवसापासून सारं गाव जोडाया लागलं. त्यानं केलं ते बरं केलं असं म्हनत न्हाई मी. माझं कुंकू गेलं. तांड्यावरच्या प्रेमसिंगाचं घर जाळलं, त्या गरिबानं त्याचं काय केलतं? काहीच न्हाई. द्या त्याला फाशी.

पन तो धरला, आता गाव शांत झालं, असं म्हनू नका. माझ्या लेकानं, व्यंकटानं परवा चार गडी नेऊन पिंजाऱ्यांची घरं पेटवली. त्यात रझाकार कोन होता? कोनीच न्हाई. उद्या त्यातलाच एखादा माझ्या व्यंकटाला हुडकत येईल, अन् तुमी पुन्हा असाच कागद घेऊन याल. मौलाची बायको हुसेनबी, ती तर कालच मला म्हनली — काल न्हाई, लई दिवस झाले — म्हनली —

असं पाहू नका माझ्याकडं. व्हय. आत हाय, कणगीच्या मागं. व्यंकटाला ठाऊक न्हाई. पोटुशी हाय ती. काल भाकर दिली तर हातात धरून बसली अन् मला इचारलं, "बाईसाहेब, त्या दिवशी त्यांना जाऊ दिलं असतं, तर तुमचं काय अडलं असतं?"

काय सांगू? मीच म्हनले होते ते. आधी गाद्या. मी, ह्याच तोंडानं. लिव्हा. काहून थांबले? मेलेल्या मालकाचं लिव्हलं, माझं लिव्हा.

न्हाई? मंग ऱ्हाऊ द्या तो कागद. व्यंकट कनेरगावाहून यायच्या आत तिला तुमच्या मोटारीत घाला, हिंगोलीला न्या. मागल्या दारानं. वाटेत कोनी इचारलं तर देशमुखाची लेक हाय म्हना. उठा साहेब. निघा.