एकशे बारा हुंकार

नीलांबरी : सत्तेचाळीस मिनिटांत एकशे बारा. त्यातले चौऱ्याहत्तर नुसते 'हं', सव्वीस 'हो ना' आणि बारा 'बरोबर'. दोनदा मोजले मी.

मिल्का मावशी : एवढं तर मी चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला म्हटलं नाही.

अनीश : पॉडकास्टमध्ये ते लागतंच, मावशी. गेस्टला वाटायला हवं की होस्ट ऐकतेय. मीच सांगितलं होतं तिला, मध्ये कट करू नकोस, फ्लो तुटतो. बाकी एडिटिंगमध्ये मी बघतो म्हणून.

मिल्का मावशी : मग काय बघितलंस?

अनीश : चाळीस सेकंदांची क्लिप काढली. इंग्लिश सबटायटल ऑटोवर टाकले. त्याने 'हं'चं 'येस' केलं. मी चेक नाही केलं, यार. सॉरी, मावशी.

नीलांबरी : चार लाख लोकांनी पाहिलंय. चारुदत्त बोलतोय, आणि खाली माझ्या नावापुढे 'येस'.

मिल्का मावशी : हा चारुदत्त म्हणजे दिवाळीला इथे येऊन माझ्या करंज्या खाऊन गेला तोच ना?

नीलांबरी : तोच. आमच्याच डिपार्टमेंटचा. कॅम्पसवरच्या युद्धविरोधी आंदोलनात भाषणं करतो म्हणून बोलावलं होतं.

मिल्का मावशी : लाव ते. माझ्यासमोर लाव.

अनीश : नको ना, मावशी.

मिल्का मावशी : काल सकाळी दारात जे पाहिलं त्यापुढे हे काही नाही. लाव.

नीलांबरी : मी सांगते. पहिला अर्धा तास तो कॅम्पसबद्दल बोलतो. तंबू, पोलीस, त्याचं निलंबन. मग तिकडे युद्धात मेलेली मुलं. माझे बाराच्या बारा 'बरोबर' त्या अर्ध्या तासातच आहेत. मीही गेले होते तंबूंत, तुम्हाला सांगूनच.

मिल्का मावशी : डबा मीच दिला होता. त्या मुलांसाठी मीही रडते, नीलू. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे बोल.

नीलांबरी : एकतिसाव्या मिनिटाला म्हणतो, 'बँका, बातम्या, कॉलेजं, सगळं ह्या ज्यू लोकांच्याच हातात. म्हणून तर ह्यांना कुठेच कुणी फार दिवस ठेवून घेत नाही.'

मिल्का मावशी : माझ्या आजोबांच्या हातात रेवदंड्याला तेलाचा घाणा होता. तोही शनिवारी बंद. शनवार तेली म्हणायचे गावातले, आणि ठेवून घेतलं होतं. किती शे वर्षं, कुणी मोजलं नाही. तू असतीस तर मोजलं असतंस.

नीलांबरी : मावशी...

मिल्का मावशी : आणि त्यावर तू 'हं' म्हणालीस.

नीलांबरी : पाहुण्याचं बोलणं तोडू नये असं...

मिल्का मावशी : पानावर बसलेल्याला उठवू नये, हे मलाही आईनं शिकवलंय. पण वाढायचं थांबवता येतं ना? गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देतात ते कशासाठी? पुढे जा म्हणून. नाही दिला की थांबतो बापडा. तुला शिव्या द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

अनीश : ॲक्चुअली त्याचा सकाळी मेसेज आलाय. चारुदत्तचा.

नीलांबरी : मला नाही दाखवलास.

अनीश : 'नीलांबरीसारखं ऐकणारं कुणी नाही. पार्ट टू कधी?' आणि एक हसरा चेहरा.

मिल्का मावशी : वा. आता मला कालचं नीट सांगू दे, कारण पोलिसांना सांगताना माझी जीभ वळत नव्हती. बाबांनी अलिबागहून पाठवलेला मेझुझा होता दाराच्या चौकटीवर. ती पितळी डबी, आत प्रार्थनेचा कागद. काल सातला दूध घ्यायला दार उघडलं, तर डबी नाही. उपटून नेली असती तर म्हटलं असतं, कुणीतरी दारुडा. पण दोन्ही स्क्रू पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेले. स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता तो.

अनीश : पण घर कसं सापडलं? जर्सी सिटीत एवढी घरं आहेत.

नीलांबरी : माझ्यामुळे. एपिसोडच्या सुरुवातीला मी आभार मानलेत. 'पार्कासमोरच्या हिरव्या दाराच्या घरातून बोलतेय. आमच्या घरमालकीण मिल्का मावशी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू आहेत. त्यांनी हे तळघर वापरायला दिलं आणि मलिदाही खाऊ घातला.' आभार मानायची रीत आहे म्हणून मानले. क्लिपखाली कुणीतरी तेवढंच भाषांतर करून टाकलंय. त्याखाली दुसऱ्याने लिहिलंय, 'दार सापडलं.'

(वर दाराची बेल वाजते. एकदाच. कुणी उठत नाही.)

अनीश : मी बघू का?

मिल्का मावशी : बस. माझा जोनाथन असता तर किल्लीनं आत आला असता. पोस्टमनला रविवारी काय काम? बस खाली.

नीलांबरी : परत नाही वाजली.

मिल्का मावशी : नाही वाजली. बरं, ऐक. जोनाथनचा फोन आला होता. माझा मुलगा, तुला माहितीय, एकदा बोलला की बोलला. म्हणतो, त्या पोरीला आठवड्यात काढ, नाहीतर मी तुला माझ्याकडे एडिसनला घेऊन येतो आणि घराला कुलूप लावतो. मी त्याला म्हटलं, पोरगी दचकली होती. ते वाक्य ऐकून गप्पच झाली, मग सवयीनं 'हं' निघालं तोंडातून. तू मला असंच सांगितलंस ना?

नीलांबरी : हो.

मिल्का मावशी : तेवढ्यावर मी त्याला थांबवलाय. तुझी बाजू घ्यायला माझ्याजवळ दुसरं काही नाही.

नीलांबरी : आज तेच रेकॉर्ड करतेय मी. की मी सुन्न झाले होते. आधी थांबले, मग 'हं' आलं.

अनीश : मग प्रूफ लागेल, नीलू. तू म्हणशील थांबले, लोक फाइल उघडून गॅप मोजतील. त्याआधी आपण मोजू. तुझंच काम आहे ते.

नीलांबरी : बाकीचे मोजलेत. त्याचं वाक्य संपल्यापासून माझ्या हुंकारापर्यंत सरासरी शून्य पूर्णांक सहा सेकंद. दचकले असेन तर हा जास्त निघायला हवा. एक. दीडसुद्धा.

मिल्का मावशी : आणि हा किती आहे?

नीलांबरी : हा नाही मोजला.

मिल्का मावशी : एकशे बारा दोनदा मोजलेस, आणि हा राहिला?

नीलांबरी : राहिला.

अनीश : झालं ना, उघडतो मी. एकतीस मिनिटं, बावीस सेकंद. दोघांचे माइक वेगळे होते, म्हणून आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतायत. वरची त्याची, खालची तुझी. 'ठेवून घेत नाही', इथे संपतंय. आणि हे तुझं.

मिल्का मावशी : मला हे डोंगर कळत नाहीत. आकडा सांग.

नीलांबरी : अनीश, कर्सर पुन्हा ठेव.

अनीश : तिसऱ्यांदा ठेवलाय. तेच येतंय.

मिल्का मावशी : किती थांबलीस, बाळा?

नीलांबरी : उणे शून्य पूर्णांक दोन.

मिल्का मावशी : उणे म्हणजे?

नीलांबरी : त्याचं वाक्य संपायच्या शून्य पूर्णांक दोन सेकंद आधी.