बंद पाइपातलं पाणी

मंडळी, कामाची पाळी सोडून, वाट वाकडी करून समदी आलात. गंगव्वा वैनी, भट्टी उसळली अन् मल्लप्पाअण्णा गेले, त्याला हप्ता बी झाला न्हाय. तुमच्यासमोर काय बोलू? भट्टीपुढं अण्णा अन् मी जोडीनं असायचो. तितं आवाजात बोलणं ऐकू येत न्हाय, खुणांवरच चालायचं. बोलायची सवयच न्हाय मला.

कामाला लागलो तवा मी विचारलं हुतं, "अण्णा, लोखंडात काय घालता की त्याचं पोलाद हुतं?" म्हणाले, "घालायचं कमी, काढायचं जास्त. ओतीव लोखंडाच्या अंगात कोळसा लई. घण बसला की तुकडं. तो जादाचा कोळसा जाळायचा, वरची मळी ओढून काढायची. घाई केलीस तर आपल्या पोलादाचं मिलमधलं दातेरी चाक मोडंल, अन् हात जाईल दुसऱ्याचा." घाई अण्णांनी कधी केली न्हाय.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. गावोगावचे पंप, पाइप भंगारात आले. आपल्या आवारात ढीग लागला. त्यातल्या एका पाइपाची दोन्ही टोकं गंजून बंद, अन् आत पाणी. वितळलेल्या लोखंडात ते गेलं, वाफ कोंडली अन् भट्टी अंगावर आली. सांगा मंडळी, अख्खं सोलापूर घागरी घेऊन उभं हुतं, तवा हे पाणी कुटं दडून बसलं हुतं?

आमच्या लिंगायतांत माणसाला अग्नी देत न्हाईत. मातीत बसवतात. अण्णांच्या जळल्या कपाळावर विभूती लावायला माझा हात धजंना. वैनी, तुमी लावलीत.

आता कानावर येतंय, अण्णांनी आत बघून मग पाइप भट्टीत टाकायला पायजे हुता. लई राग येतो, मंडळी. कापल्याबिगर आतलं दिसतं व्हय? "आधी कापून द्या, मग टाकतो," असं अण्णा किती येळा म्हणाले. शेटजींच्या हापिसातनं उत्तर एकच, माल अडलाय. वैनी, चूक त्यांची न्हवती. समद्यांदेखत सांगतो.

ढीग अजून तितंच हाय. उद्या भट्टी पेटणार, अन् पुढं मी उभा राहणार. शेटजी, तुमी हितं बसलाय. बंद पाइप कापल्याबिगर भट्टीत जाणार न्हाय, एवढा शब्द वैनींसमोर द्या.

उठा मंडळी. हात जोडून अण्णांना शेवटचं 'शरणार्थ' म्हणू अन् गप उभं राहू. शेटजींचा शब्द येईस्तोवर कुणी बसायचं न्हाय.