चौकटीवर लटकलेला शेवटचा बोर्ड

मंडळी, बोलायला उभा राहिलो आहे. कुलकर्णी साहेब गेले आणि त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला गोड बोलता येत नाही. ती सवय साहेबांनीच मोडली.

एक सकाळ सांगतो. मी तेव्हा नवा होतो. पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिकलेला, आयटीआय करून जालन्याला इथं लागलेला. त्या सकाळी मी देवपूजा केली, कपाळाला अष्टगंध लावला, कारखान्यात आलो आणि स्टुलावर चढून माझाच नापास झालेला बोर्ड टेस्ट रूमच्या चौकटीला टांगला. त्यावर पांढऱ्या रंगाने माझं नाव. खाली सगळा कारखाना उभा. साहेब म्हणाले, "बुवा, नाव जरा मोठ्यानं वाचा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

मी वाचलं.

माझा गुन्हा काय होता? बाहेरच्या मंडळींना सांगायला पाहिजे. आपण इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे सर्किट बोर्ड बनवतो. बोर्ड तयार झाला की तो जिगवर ठेवायचा. जिग म्हणजे स्प्रिंगच्या पिनांचा पाट. वरून दाबलं की एकेक पिन बोर्डावरच्या आपापल्या ठिपक्याला टेकते, आणि दिवा सांगतो, बोर्ड चांगला की वाईट. त्यासाठी ठिपका उघडा हवा आणि ठरलेल्या रेघांवरच हवा. माझा एक ठिपका दुसऱ्या पार्टच्या पोटाखाली गेला होता. एकच.

साहेब येण्याआधी कसं होतं, जुन्यांना विचारा. ज्याची त्याची मर्जी. एकाच तारेला कोणी अर्थिंग म्हणायचा, कोणी ग्राउंड, कोणी झिरो. नवा बोर्ड आला की तपासणी नव्याने बसवायची, आणि ती बसेपर्यंत माल तसाच मोंढ्याच्या बाजारात जायचा. तिथे काटा खोटं बोलायचा आणि शेतकऱ्याचा कापूस कमी भरायचा. साहेब म्हणाले, "बारशाला ठेवलं त्याच नावानं शेवटपर्यंत हाक मारायची. नाव बदलायचं न्हाई, जागा बदलायची न्हाई. बिलकुल न्हाई." आम्ही पाठीमागे हसलो. पुढे संगणक आला तेव्हा हसू थांबलं. बोर्डाचा नकाशा आत टाकला की पिनांच्या जागा तो स्वतः काढायचा, तपासणी स्वतः लिहायचा. का? कारण सगळ्यांचे सगळे बोर्ड एका वळणाचे होते. एकाने वळण मोडलं, की यंत्र तिथंच थांबायचं.

हे शहाणपण साहेबांचं. ते कोणी नाकारणार नाही. पण ते आमच्यात उतरवलं कसं? चामडी सोलून. तेही आज बोलू या.

हसनाबादचा काशिनाथ. माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याचे वडील एकदा पोराचा कारखाना बघायला आले. साहेबांनी स्वतः त्यांना हाताला धरून त्या चौकटीपाशी नेलं. वर काशिनाथचा बोर्ड लटकत होता, एका चुकलेल्या ठिपक्यापायी. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांना वाटलं, पोराचा सत्कार केलाय. त्यांनी टोपी काढली आणि बोर्डाला हात जोडले. म्हणाले, "माझ्या पोराचं नाव लावलं, लई उपकार झाले साहेब."

साहेब म्हणाले, "पाया पडू नका बाबा. मयत आहे ती. तुमच्या पोरानंच मारलेली."

काशिनाथ त्या संध्याकाळी गेला तो परत आला नाही. मंठ्याला त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आज तो आला आहे, मागच्या रांगेत बसला आहे. मघाशी फाटकात मी विचारलं, "भेटायला आल्तास का रे?" तो म्हणाला, "न्हाई. खरंच गेले का ते बघायला आल्तो."

मंडळी, चुळबूळ करू नका. साहेबांना अर्धवट काम आवडत नव्हतं.

आजारपणात साहेबांनी घरी पडल्या पडल्या एका बोर्डाचा नकाशा काढला. त्यांच्या हातचा शेवटचा. मालकांनी प्रेमापोटी तपासणीआधीच त्याचा नमुना बनवून घेतला. छान चकचकीत. मग मी नकाशा संगणकात टाकला. संगणक थांबला. पुन्हा टाकला. पुन्हा थांबला. एक ठिपका कनेक्टरखाली गेला होता.

मालक म्हणाले, "बुवा, एवढा एक हातानं तपासून सोडून द्या. माणूस जायला निघालाय."

मी साहेबांकडे गेलो. वहिनी उशाशी होत्या. साहेबांनी विचारलं, "झाला पास?"

"न्हाई साहेब. एक पॉइंट कनेक्टरखाली गेलाय."

 ते म्हणाले, "हातानं तपासून घ्या. एकच तर आहे."

हे ते म्हणाले. आमचे कुलकर्णी साहेब.

मी म्हणालो, "काशिनाथचाही एकच होता, साहेब."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनींनी मला दारापर्यंत आणून सांगितलं, "भावजी, परत येऊ नका." मी गेलो नाही. थेट स्मशानात गेलो.

परवा वहिनींचा निरोप आला. तो बोर्ड फ्रेम करून, हार घालून साहेबांच्या फोटोशेजारी ठेवायचा. तुम्ही बघताय, फोटोशेजारची जागा रिकामी आहे. वहिनी, तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. मेलेल्या माणसाशी कोणी असं वागतं का? मी स्वतःला तेच विचारत होतो. सकाळी रेणुकाईच्या तसबिरीपुढे दिवा लावला, पण तिला कौल मागितला नाही. माणसाला आपल्या मनासारखा कौल ऐकू येतो.

उद्या कोणी नवा मुलगा येईल. त्याचाही एक ठिपका चुकेल. तो म्हणेल, साहेबांचा हातानं तपासून सोडला ना, मग माझाच का अडवता? त्याला मी काय सांगू? आणि काशिनाथच्या वडिलांना काय सांगू? ते आता नाहीत. हात जोडून गेले बिचारे.

आता आपण सगळे उभे राहू या आणि थोडा वेळ गप्प राहू या. साहेबांसाठी, आणि ज्यांची नावं त्यांनी मोठ्याने वाचायला लावली त्यांच्यासाठीही. नंतर चहा आहे, टेस्ट रूमच्या पलीकडे. जाताना मान वाकवा, चौकटीवरची नापास बोर्डांची माळ आजपासून थोडी खाली आली आहे. साहेबांचा बोर्ड तिथं आहे. काशिनाथच्या बोर्डाशेजारी, तेवढ्याच अक्षरात नाव घालून. ज्याचा त्याने टांगायचा, असा नियम होता. साहेबांना ते जमणार नव्हतं. आज सकाळी स्टुलावर चढून मी टांगला.