सोडियमचे चौतीस

गुरुजी : परत चौतीस? तिसऱ्यांदा, ऋतुजा! उद्या चाचणी आहे ना गो?

ऋतुजा : बरोबर हाय ते. अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन, अकरा इलेक्ट्रॉन. झाले चौतीस.

गुरुजी : बेरीज बरोबर, सोडियमचा वस्तुमानांक चुकला. रोह्याच्या शाळेत बत्तीस वर्षं हेच शिकवलंय मी. ती शाडूची माती दे इकडे. हं. या तेवीस गोळ्या, केंद्रकात दाबून बसवल्या. आता इलेक्ट्रॉन कशाचे करू?

ऋतुजा : तुमच्या तपकिरीचे.

गुरुजी : चावट! तपकीरसुद्धा जड पडेल. अठराशेच्या वर इलेक्ट्रॉन गोळा करावेत, तेव्हा कुठे एका प्रोटॉनएवढं वजन भरतं. तुमच्या या कारखान्यातली गणपतीची मूर्ती काट्यावर ठेव. रंगानं डोळे काढण्याआधी किती, नंतर किती?

ऋतुजा : सारखंच.

गुरुजी : मग?

ऋतुजा : मग डोळे नसले तरी चालतील?

गुरुजी : असं कुठे म्हटलं मी? सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो, तेव्हा मीठ होतं. इलेक्ट्रॉन नसते, तर कुणी कुणाशी जोडलंच गेलं नसतं.

ऋतुजा : तरी मोजत नाय त्यांना.

गुरुजी : वजनात नाही मोजत.

ऋतुजा : मी मोजणार.

गुरुजी : तुला सगळं समजलंय, दिसतंय मला. मग हा हट्ट कशाला?

ऋतुजा : आईनं सांगितलंय.

गुरुजी : नूतननं? कधी?

ऋतुजा : त्याच दिवशी. ती त्या कोपऱ्यातल्या गणपतीचे डोळे काढत होती. मी विचारलं, आई, हे इलेक्ट्रॉन पण धरायचे काय? सातवी शिकलेली ती. ब्रश न उचलता म्हणाली, "धर गो सगळ्यांना. कुणाला बाहेर कशाला ठेवायचं?" मग म्हणाली, पाणी आण. मी घेऊन येईतो खाली पडलेली.

गुरुजी : हे मला कुणी बोललं नाही.

ऋतुजा : मी कुणाला सांगितलंच नाय. पेणला दवाखान्यात नेलं, तिथं पण डोळे उघडले नायत तिनं. दुसऱ्या दिवशी गेलीच.

गुरुजी : म्हणून तो एका डोळ्याचा गणपती तसाच ठेवलाय तुझ्या बाबांनी.

ऋतुजा : व्हय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नायत. गुरुजी, मी तेवीस लिहिलं तर आई चुकली असं होतं. तिचं शेवटचं बोलणं चुकीचं ठरतं.

गुरुजी : (चष्मा पुसत) आण ती वही.

ऋतुजा : खोडू नका.

गुरुजी : नाही खोडत. चुकलेलं उत्तर आजवर कधी तसं सोडलं नाही मी. हे सोडतो. उद्या पेपरात मात्र तेवीस लिही. जमेल?

ऋतुजा : लिहीन.

गुरुजी : वहीतले चौतीस राहू देत. ते तिचे आहेत.

ऋतुजा : गुरुजी, पाणी आणू?

गुरुजी : नको. तू कुठे जाऊ नकोस. इथेच बस.