कुंपणाच्या आत राहिलेले पाणमांजर

नाव हेस्टर ग्विलियम, वय ६९ वर्षे, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, सध्या निवृत्त, राहणार ब्रिकयार्ड लेन, ऑक्सलीच, जिल्हा श्रॉपशर. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती इव्हर दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात वारले. गावाबाहेर वीटभट्टीसाठी माती काढून झालेले एक लहान तळे आहे. त्यावर आमचे मासेमारी मंडळ आहे. तळ्यात कार्प मासे आहेत. ते गळाने धरतात आणि परत सोडून देतात. कोणी खात नाही. इव्हर तरुणपणापासून तेथे जात असत. ते गेल्यावर मंडळाने वाळुंजाच्या झाडाखालची त्यांची बसायची जागा माझ्या नावाने केली व मला तहहयात सभासद करून घेतले. तेव्हापासून दर शनिवारी मी तेथे बसते. मला मासे धरायला आवडते का, असे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. मी गळ पाण्यात टाकून पुस्तक वाचते.

माझे मित्र विल्फ ट्रँटर, वय ७१, हे मंडळाचे सचिव. ते आणि इव्हर लहानपणापासून बरोबर होते. शवपेटीला पुढचा खांदा त्यांनी दिला. माझ्या दारातले गवत अजून तेच कापतात.

गेल्या ऑक्टोबरात, पाणमांजर मासे खाते म्हणून, मंडळाने तळ्याभोवती कुंपण घातले. खाली जाळी जमिनीत पुरली, वर विजेची तार ओढली. त्यानंतरही काठावर अर्धवट खाल्लेले मासे सापडत राहिले. तेव्हा मी विल्फना म्हणाले, "ते बाहेरून येत नाहीये. कुंपण घातलंत तेव्हा ते आतच होतं. झाडाच्या मुळांत."

"अगं, आम्ही बारा जण काय आंधळे होतो?"

"बारा जण तळ्याकडे पाठ करून खड्डे खणत होतात."

"पुस्तकं वाचून वाचून तुला पाणमांजरं दिसायला लागलीत," असे ते म्हणाले. इतर हसले. विषय तेथे संपला. हिवाळाभर, आमच्या जाण्यायेण्यापुरते सोडून, फाटक बंद होते.

मार्चमध्ये पाद्री मेला. पाद्री हा जुना मासा, गळ्याशी पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा असलेला. इव्हरनी तो अनेकदा धरला व अनेकदा सोडला होता. तो विल्फना काठावर अर्धवट खाल्लेला मिळाला. त्यांनी तो आपल्या कोटात गुंडाळून पुरला. तो कोट त्यांनी परत घेतला नाही.

शनिवार, ता. ६ एप्रिल रोजी सकाळी मी व विल्फ इतरांच्या आधी पोचलो. लव्हाळ्यात लोखंडी जाळीचा पिंजरा होता. तो मी पूर्वी पाहिला नव्हता. आत पाणमांजर होते. ते आवाज करत नव्हते. जाळी चावून त्याच्या तोंडातून रक्त आले होते.

मी म्हणाले, "फाटक उघड, विल्फ. बाहेर नेऊन सोड त्याला. ओढा पलीकडेच आहे."

"सोडलं की परत येणार."

"कुंपण आहे की."

त्यांनी पिंजऱ्याची कडी धरली. नंतर म्हणाले, "पाद्री इव्हरचा होता, हेस्टर. मी हे इव्हरसाठी करतोय. तू जा, चहा टाक."

मी काठावरच्या मंडळाच्या खोपीत जाऊन किटली ठेवली. खोपीला तळ्याच्या बाजूने खिडकी आहे. मी दुसऱ्या बाजूला उभी राहिले. पाण्यात जड वस्तू पडल्याचा आवाज मला ऐकू आला. पाणी उकळले तरी मी बाहेर गेले नाही. विल्फ आत आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. त्यांनी चहात साखर घेतली नाही. एरवी घेतात.

नंतर बाकीचे आले. दिवसभर मासेमारी झाली. दुपारी माझ्या गळाला मोठा कार्प लागला. विल्फनी जाळे धरले. माशाला शिवण्याआधी त्यांनी हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व त्याला इजा होते. माशासाठी अंथरलेल्या ओल्या गादीवर ठेवून त्यांनी गळ काढला. मग दम परत येईपर्यंत मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला. "जा, राजा," असे म्हणाले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले.

सोमवारी कुंपणाबाहेरच्या चरात कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना मेलेले पाणमांजर सापडले. पाणमांजर मारणे गुन्हा आहे हे मी वाचलेले आहे. विल्फनाही माहीत आहे. बाहेरून आत शिरताना त्याला तारेचा झटका बसला, असे सर्वांनी सांगायचे, असे त्यांनी सभासदांना सांगितले. मला म्हणाले, "तू तर काही पाहिलंच नाहीस. तू खोपीत होतीस." हे खरे आहे. मी पाहिले नाही.

आज येथे पोलीस ठाण्यात मला विल्फच घेऊन आले. वाटेत म्हणाले, "फार बोलत बसू नकोस. इव्हर कुठं बोलायचा?" ते बाहेर गाडीत थांबले आहेत. मी काय सांगितले ते त्यांना ठाऊक नाही. आपण त्यांना आत बोलावण्यापूर्वी मला बाहेर जाऊन स्वतः त्यांना सांगू द्यावे, अशी माझी विनंती आहे. घरी पोचवण्यासाठी दुसरी गाडी देऊ का, असे अंमलदारांनी विचारले. मी नको म्हणाले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. विल्फ ट्रँटर यांच्याबद्दल ‘माझे परिचित’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून ‘माझे मित्र’ असे करून घेतले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

(सही) हेस्टर ग्विलियम