आवाजच नाही!

…आणि वर बायको म्हणते, ‘अहो, रेंज नसेल!’ रेंज नसेल? आठवडाभर? माणूस दातांचा डॉक्टर आहे, पाणबुडीत कामाला नाही! तुम्हाला सांगतो, ब्लॉक केलंय ना, मग तोंडावर सांगा ना! ‘बाबा रे, तुझे मेसेज नकोत, तुझं थोबाड नको, चालू पड!’ संपलं! आपण दोन शिव्या हासडू, घरी जाऊ, जेवू. पण नाही! हे फोनवालं ब्लॉक म्हणजे कसं… दार लावल्याचंही कळत नाही, आणि आपण आपले बाहेर उभे, बेल दाबतोय, दाबतोय…

हा दातांचा डॉक्टर म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नातं नावाला, खरी दोस्ती, अरे-तुरेतली. माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान, त्याचा दवाखाना मागच्याच रस्त्याला. दुपारी दवाखान्याला कुलूप लागलं की स्वारी माझ्या दुकानात, त्या डुगडुगत्या स्टुलावर! आणि मग जी टकळी सुरू… त्याचाही नाइलाज हो! दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस, त्याच्याशी बोलणार कोण? आणि माझ्याकडे जे येतं ते सगळं मुकंच येतं. बोलायला लागलं की गिऱ्हाईक घेऊन जातं!

तर या साडूला, या वयात, गाण्याचं वेड लागलं. क्लास काय लावला, पेटी काय आणली! आणि एक दिवस मला व्हिडिओ. खाली लिहिलंय, ‘मी गायलोय. खरं खरं सांग.’ मी लावला. मान डोलतेय, हात हवेत, डोळे मिटलेले, तोंड तर एवढं उघडलंय की अक्कलदाढा मोजून घ्या… आणि आवाज? शून्य! आता दुकानात दिवसभर मी काय बोलतो? तेच लिहिलं. ‘आवाजच नाही. आतून गेलाय. घेऊन ये, बघतो काही होतंय का.’

आता यात काय चुकलं? त्याच्या फोनचा माइक गेला असणार, शेंबडं पोर सांगेल! लगेच उत्तर आलं. ‘येतो.’ एवढंच. मी टेबल आवरलं, बारीक पेचकस काढले, दोन चहा सांगितले… चहा निवला, दोन्ही मीच प्यायलो. साडू नाही!

मेसेज टाकला, ‘कुठे आहेस?’ एकच टिक. ‘अरे बाबा, निघालास का?’ एकच टिक. मुलीला विचारलं, तर ती मान वर न करता, ‘बाबा, काकांचा फोन चार्जिंगला असेल.’ आठवडाभर चार्जिंग? ट्रक आहे का तो?

शेवटी शेजारच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. तो तोंडातली सुपारी गालात सारून, ‘दादा, त्यांचा फोटो दिसतो?’ म्हटलं, नाही, नुसतं करडं मुंडकं दिसतं. ‘फोन लावल्यावर?’ कानाशी एकदा टुर्र वाजतं आणि कट. ‘साधा मेसेज टाकला?’ टाकला, पोचला म्हणूनसुद्धा येत नाही. तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला हो, पेशंटच्या नातेवाइकाच्या खांद्यावर ठेवतात तसा! ‘दादा, दुसऱ्या फोनवरून करून बघा. तिथून लागला… तर तुम्ही गेलात.’

बायकोचा फोन घेतला. मेसेज टाकला. टकाटक दोन टिका! निळ्या! मी गेलो!

बायको म्हणते, ‘मी तर तुम्हाला कधीच ब्लॉक केलं असतं, पण एका घरात तशी सोय नाही.’

हसताय काय? तुम्हाला सांगतो, मला दुकानात बसवेना. ते रिकामं स्टूल शेवटी टेबलाखाली सारून ठेवलं. अरे, एवढं काय केलं मी? ब्लॉक केलंय, तर तोंडावर सांगा ना!

मग बायकोनं बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून मेव्हणी कडाडली, ‘ताई, भाऊजींना म्हणावं, नसेल आवडलं तर नका ऐकू! पण “आवाजच नाही”? “आतून गेलाय”? दोन दिवस धड जेवले नाहीत हे!’ मी म्हटलं, अगं, पण तो ‘येतो’ म्हणाला होता! ‘भाऊजी, घरातून निघताना माणूस काय म्हणतो?’

…येतो! जाणारा माणूस ‘जातो’ कुठे म्हणतो? कायमचं तोंड फिरवून निघालेलासुद्धा ‘येतो’च म्हणतो! आणि मी चहा सांगून बसलोय!

तेवढ्यात बायकोनं तोच व्हिडिओ बहिणीकडून मागवून स्वतःच्या फोनवर लावला, तर असा आवाज फुटला की ती दचकून उठलीच! म्हणजे बिघाड माझ्या फोनचा! गावाचे आवाज दुरुस्त करणारा मी, आणि माझ्याच फोनचा, कानाशी वाजतो तो सोडून, मोठा स्पीकर बसलेला!

म्हटलं, आता आपणच तोंडावर सांगायचं. दवाखान्यात गेलो, पेशंट म्हणून नंबर लावला, खुर्चीत जाऊन पसरलो. साडू आला. मास्कमागे चेहरा दगड. आल्या आल्या कापूस कोंबला. मी म्हणतोय, ‘ओआआ आआ एआ!’ तो म्हणतो, ‘आ करा.’ करा! मला अहो-जाहो! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. कापूस उपसून ओरडलो, ‘अरे गाढवा, आवाज माझ्या फोनचा गेलाय! तुझा नाही!’

तो थांबला. मास्क काढला. ‘खरं?’ म्हटलं, तुझ्या खुर्चीत बसून खोटं बोलेन? जीव भांड्यात पडला बघा त्याचा! असा हसला, अगदी लहान मुलासारखा. आणि म्हणाला, ‘मग तू अजून ऐकलंच नाहीस की!’ कापूस परत आत, आणि… सुरू! मी खुर्चीत आडवा, डोळ्यांवर दिवा, तोंड उघडं… बोलायची सोय नाही!

अख्खं गाणं ऐकलं. आता तुमच्यात म्हणून सांगतो, तिकडे बोलू नका… माझं पहिलंच निदान बरोबर होतं. आवाजच नाही! आतून गेलाय!

पण बोललो नाही हो. त्याचं ते हसणं बघून ‘वा!’ म्हटलं. चपला घातल्या, दारात जाऊन म्हणालो, ‘बरं, येतो.’

तर म्हणतो कसा… ‘कधी?’